पांदणीत बंद, मेकॅनिकपुढे चालू

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चुकत असेल तर सांगा. वडिलांची 2003 सालची शंभर सीसीची गाडी. सकाळी पहिल्या किकला चालू होते. दारव्ह्याहून वावराकडे निघालं की पाच-सहा किलोमीटरवर, बहुतेक वेळा पांदण लागल्यावर, एकदम बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं धुऱ्यावर बसलं की पुन्हा चालू. मधूनच हेडलाइट फडफडतो. हॉर्न कधी वाजतो, कधी नुसता घुरघुरतो. प्लग, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि बॅटरी बदलून झाली, 2,800 रुपये गेले. मेकॅनिककडे तासभर चालू ठेवली तरी बंद पडत नाही. आता तो म्हणतो, अख्खी वायरिंग किट टाकू. ती टाकू का, हे तुम्ही विचारताय.

एवढ्यात टाकू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातच 27 वर्षं गॅरेज चालवतो. तुमच्यासारखी गाडी महिन्यातून एक-दोनदा तरी येते, आणि येते तेव्हा तिच्यात निदान तीन नवीन पार्ट आधीच टाकलेले असतात. त्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, गाडी चालू असते, दिसत काहीच नाही. मग हात जातो तो सहज निघणाऱ्या आणि दुकानात लगेच मिळणाऱ्या पार्टकडे. मीही ते केलंय. एकदा पेरणीच्या ऐन घाईत एका कास्तकाराला कॉइल प्लेट (इंजिनात वीज तयार करणारा भाग) बदलून दिली, पैसे घेतले, आणि तिसऱ्या दिवशी तो गाडी ढकलत परत आला. दोष निघाला फ्यूजच्या डबीत. आतली पितळी पट्टी ढिली झाली होती. पैसे परत केले, पण त्याचे दोन दिवस कुठून परत देणार?

मधूनच येणाऱ्या बिघाडाची खरी अडचण अशी, की गाडी चालू असते तेव्हा सगळं खरंच ठीक असतं. त्या वेळी मीटर लावा, बल्ब लावा, काहीही लावा, उत्तर ‘ठीक’ असंच येणार. म्हणून माझी रीत सोपी आहे: गाडी माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांपुढे बंद पाडायची. ती कशानं बंद पडते, उष्णतेनं, हादऱ्यानं, ओलीनं की वजनानं, हे कळलं की अर्धं काम झालं. बाकीचं काम पान्याचं.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा. हा करंटचाच घोळ आहे ना? पाच-सहा किलोमीटर चालून बंद पडणं आणि थोडं थांबलं की चालू होणं, ही पेट्रोलचीही खूण असते. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. आपल्याकडच्या धुळीनं ते बुजतं. पेट्रोल खाली उतरतं, वर हवा जात नाही, टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. दहा मिनिटांत झाकणातून हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालू. पुढच्या वेळी बंद पडली की सगळ्यात आधी झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि लगेच चालू झाली, तर वायरिंगला हातही लावू नका, झाकण साफ करा. बंद पडण्याची तऱ्हाही सांगते. पेट्रोल तुटलं की गाडी आधी हुंदके देते, ओढ कमी होते, मग जाते. करंट तुटला की चाबी फिरवल्यासारखी जाते. तुम्ही ‘एकदम’ लिहिलंय, म्हणून मी करंटच्या बाजूनं झुकतोय, पण खात्री तुम्हीच करायची.

ती करायला खिशात एक जास्तीचा प्लग ठेवा. गाडी जिथं बंद पडली तिथंच, गार व्हायच्या आत, प्लग कॅप काढून त्यात तो जास्तीचा प्लग बसवा, त्याची लोखंडी बॉडी इंजिनच्या हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. इंजिनातला प्लग काढू नका, त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगी शेजारीच असते. कॅपही उघड्या हातानं धरू नका, झटका जोरदार बसतो. निळी ठिणगी ‘टच्च’ करत पडली तर करंट आहे, दोष दुसरीकडे बघा. पिवळसर, मरगळलेली किंवा काहीच नाही, तर पुढचं वाचा. उन्हात ठिणगी दिसत नाही, डोक्यावरचा शेला आडवा धरून सावली करा. ही दोन मिनिटांची परीक्षा पांदणीतच द्यायची. गॅरेजला येईपर्यंत गाडी गार होते आणि परीक्षा बाद होते.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट. तुम्ही हेडलाइट आणि हॉर्नचं सहज लिहून गेलात, पण खरा धागा तिथं आहे. तुमच्या गाडीत तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज येते. डाव्या कव्हरखाली मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत कॉइल प्लेट असते. तिथली एक कॉइल फक्त ठिणगीसाठी सीडीआयला वीज देते. दुसरी कॉइल हेडलाइट पेटवते आणि बॅटरी चार्ज करते. बाहेरच्या अंगाला छोटी पल्सर कॉइल असते, ती सीडीआयला ‘आता ठिणगी दे’ एवढंच सांगते. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट बॅटरीवर चालतात. म्हणजे त्या काळच्या अशा गाड्यांत ठिणगीचा आणि बॅटरीचा संबंधच नसतो. बॅटरी काढून कपाटात ठेवली तरी गाडी चालू होते. तुमच्या बॅटरीचे पैसे इथं गेले.

हे मी गाडी न बघता सांगतोय, म्हणून एकदा पडताळून बघा. फ्यूज काढा आणि किक मारा. इंजिन चालू झालं तर तुमचा सीडीआय मॅग्नेटवर चालणारा, म्हणजे एसी सीडीआय. नाही झालं तर तो बॅटरीवरचा, डीसी सीडीआय, आणि मग तपासाची दिशा बदलते: बॅटरी, फ्यूज, चाबीचा स्विच, स्विचमधून पुढे जाणारी काळी वायर, या क्रमानं जायचं. परीक्षा झाली की फ्यूज परत बसवा, फ्यूजशिवाय गाडी पिटाळू नका. 2003 च्या शंभर सीसीत एसी असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे पुढचं मी एसी धरून लिहितो.

तर तीन तक्रारी, आणि तिघींची वीज तीन जागांहून. ठिणगी एका कॉइलची, हेडलाइट दुसऱ्या कॉइलचा, हॉर्न बॅटरीचा. तिन्ही एकाच काळात बिघडू लागल्या, तर मी तिन्हींना जोडणारी जागा शोधतो. अशा जागा दोनच आहेत. एक अर्थिंग, म्हणजे परतीची वाट. ती सगळ्यांची एकच. दुसरी हँडलखालची मान, कोन सेटजवळ (हँडल ज्या बेअरिंगवर वळतं तिथं), जिथं सगळ्या वायरी एका जुडीत बांधलेल्या असतात आणि हँडल वळलं की प्रत्येक वेळी वाकतात. 20 वर्षं वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. बाहेरून बघाल तर वायर नवरीसारखी.

अर्थिंगपासून सुरू करा, कारण फुकट आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर चेसिसला जिथं बोल्टनं कसली आहे तो बोल्ट काढा. एचटी कॉइल, म्हणजे प्लगला जास्त दाबाची वीज देणारी कॉइल, टाकीखाली चेसिसला कसलेली असते, तिचा बोल्टही. हेडलाइटच्या डब्यात आणि साइड कव्हरखाली हिरव्या वायरींचे जोड आहेत, तेही उघडा. होंडाच्या रंगपद्धतीत हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, तुमच्या गाडीत तीच पद्धत असावी. लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग असेल, गंज असेल, काळ्या मातीचा थर असेल तर पॉलिश पेपरनं घासून पांढरं लोखंड आणि लालसर तांबं दिसू द्या. कसा, आणि कसल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून कसू नका. आपली काळी माती फार चिवट. पावसाळ्यात मडगार्डखाली भरते, दिवाळीपर्यंत ओल धरून बसते आणि त्या ओलीत बोल्ट आतल्या आत सडतो. त्यात मागच्या सीटवर युरियाची गोणी नेली असेल तर विचारू नका. सांडलेला युरिया हवेतली ओल ओढतो, पाझरतो आणि बॅटरीच्या डब्यापर्यंत पोचतो. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ना, तसं तांबं हिरवं पडतं.

घासलं म्हणजे झालं असं नाही, मोजायचं. दोनशे-अडीचशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर घ्या, या कामाला पुरतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक मागच्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थिंगला, आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. 0.1 च्या आसपास आलं तर परतीची वाट मोकळी. 0.3, 0.5 असं काही आलं तर वाटेत कुठंतरी अडसर आहे. मग इंजिन चालू करून हेडलाइट लावा, मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं हेडलाइटच्या डब्यातल्या हिरव्या वायरीला लावा. हेडलाइट 35 वॅटचा, म्हणजे साधारण 3 अँपिअरची परतफेड याच वाटेनं होते. इथं व्होल्टभर फरक दिसला तर तुमच्या फडफडीचं कारण सापडलं, आणि ठिणगीचंही बहुधा तेच.

ब्रेक किंवा हेडलाइट चालू ठेवूनच का मोजायचं? हे नीट समजून घ्या, कारण नवशिक्या मेकॅनिकचा इथंच पाय घसरतो. वायरीत सोळा तारांपैकी एकच तार शिल्लक असली आणि पलीकडे काही चालू नसलं, तर मीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. मीटरला तपासायला नावापुरताच करंट लागतो. वायर खरोखर काम करते का, हे तिच्यावर ओझं टाकल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी मीटरच्या आधी टेस्ट लॅम्प वापरतो. ब्रेक लाइटचा 21 वॅटचा जुना बल्ब, दोन वायरी, दोन पिना. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो. ज्या वायरीवर मीटर 12 म्हणतो आणि बल्ब मात्र निखाऱ्यासारखा लाल होतो, ती वायर आतून गेलेली. फक्त हा बल्ब बॅटरीच्या वायरींवरच वापरा. सीडीआय आणि पल्सरच्या वायरींना लावू नका.

आता मान. संध्याकाळी अंधार पडताना गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन चालू, हेडलाइट चालू. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग कोन सेटजवळची जुडी दोन बोटांत धरून वरखाली हलवा, मग टाकीखालची, मग साइड कव्हरमधले कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट), एकेक. घाई करू नका. एका जागेवर बोट दाबल्यावर दिवा मिचकला किंवा इंजिननं एक ठोका गाळला, तर तिथंच थांबा आणि तीच जागा पुन्हा दाबा. तीन वेळा दाबून तीनही वेळा तसंच झालं तरच मी टेप सोडायला घेतो. एकदा झालं तर तो योगायोगही असतो. अंधाराचा आणखी एक फायदा: प्लग कॅप आणि जाड वायरीवर फवाऱ्याच्या बाटलीनं थोडं पाणी उडवा. कुठून गळती असेल तर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. पावसात बंद पडणाऱ्या गाड्यांची निम्मी प्रकरणं माझ्याकडे या बाटलीनंच निकाली निघतात.

पांदणीतच का बंद पडते, यावरही विचार करा. पांदणीत दोन गोष्टी घडतात: गाडी हादरते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळल्यानं तापते. शिवाय मागं कुणी बसलेलं असतं का? एका गुरुजींची गाडी शाळेत जाताना कधी बंद पडत नसे, येताना हमखास. दोन गॅरेज फिरून माझ्याकडे आले. म्हणाले, “हे गाडी मले पागल करून सोडीन!” मी विचारलं, येताना काय वेगळं असते? तर येताना शेजारच्या गावचे दुसरे गुरुजी मागं बसायचे. मी सीटवर तुरीचं 50 किलोचं पोतं ठेवलं, इंजिन चालू ठेवलं आणि पोत्यावर बसून दोनदा आपटलो. बंद! सीटची पत्र्याची कड खालच्या वायरीच्या जुडीला घासून आतपर्यंत गेली होती. वजन पडलं की आतली उघडी तार चेसिसला टेकायची. खर्च आला टेप आणि रबराच्या नळीचा. तुम्हीही सीट काढून तिच्या कडेखालची जुडी बघा, आणि बंद पडते त्या दिवशी मागं कोण होतं हे आठवा.

इथवर काहीच सापडलं नाही, तर दहा-पंधरा मिनिटांनी चालू होण्याचा मुद्दा पुढे येतो. ती उष्णतेची खूण आहे. खरं सांगायचं तर मला शंका आहे की तुमच्या गाडीत एकाच वेळी दोन बिघाड नांदत असतील: हॉर्न-हेडलाइटचा अर्थिंगमुळे, आणि बंद पडण्याचा कॉइलमुळे. जुन्या गाडीला दोन दुखणी असणं नवल नाही. म्हणून अर्थिंग सुधारून हॉर्न ठणठणीत झाला, तरी इंजिनाचं काम झालं असं लगेच धरू नका.

कॉइल म्हणजे केसासारख्या तारेचे शेकडो वेढे. त्यात कुठं चीर पडली असेल तर गार असताना दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापून फुगली की सुटतात. आपल्या उन्हाळ्यात सावलीतच 45 अंश असतात, मग मॅग्नेटच्या कव्हरखाली काय असेल याचा अंदाज करा. तपासायचं असं: सकाळी गाडी गार असताना कॉइल प्लेटचा कपलर सोडा. काळी-लाल वायर ठिणगीच्या कॉइलची, निळी-पिवळी पल्सरची. प्रत्येकीचा इंजिनच्या धातूशी रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजा आणि भिंतीवर कोळशानं का होईना, लिहून ठेवा. मग गाडी पळवा, बंद पडू द्या, आणि बंद पडल्या पडल्या तोच कपलर सोडून पुन्हा मोजा.

आकडा किती असावा, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. मी गार आणि गरम यांतला फरक बघतो. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. समजा सकाळी 30 अंशाला 200 ओहम होता आणि कॉइल 100 अंशापर्यंत तापली, तर 255 च्या आसपास यायला हवा. तेवढं आलं तर कॉइल निर्दोष. 600 आला, आकडा नाचत राहिला किंवा मीटरनं काहीच दाखवलं नाही, तर कॉइल गेली. मग नवीन घ्या, आणि त्या वेळी पैशाकडे बघू नका. रस्त्याकडेच्या पेटीतली बिनशिक्क्याची कॉइल मी माझ्या गाडीत टाकत नाही.

सीडीआय आणि एचटी कॉइल यांना गरम करून बघणं कठीण, म्हणून मी उलट करतो, गार करतो. पाणी पाऊच ठाऊक आहेच, बस स्टँडवर मिळतो तो. दोन थंडगार पाऊच पिशवीत ठेवा. गाडी बंद पडली की एक सीडीआयवर दोन-तीन मिनिटं धरून ठेवा आणि किक मारा. चालू झाली तर गुन्हेगार तोच. नाही झाली तर दुसरा पाऊच एचटी कॉइलवर. पाऊच फुटलेला नको, ओला फडकाही नको, नाहीतर पाण्यानं नवाच घोटाळा होतो. तुमचा सीडीआय नवीन आहे हे मान्य, पण नवा म्हणजे चांगलाच, असं मी आता धरत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी मुद्दाम राखून ठेवली होती, कारण फुकटात होणारी आहे आणि बरेच जण विसरतात. एसी सीडीआयच्या गाडीत चाबी बंद केली की इंजिन कसं थांबतं? वीज तोडून नव्हे. चाबी एक काळी-पांढरी वायर अर्थिंगला जोडते आणि ठिणगीची वीज चेसिसमध्ये जाते. म्हणजे ती वायर वाटेत कुठंही सोलून चेसिसला टेकली, किंवा चाबीच्या स्विचमध्ये पाणी-धूळ शिरली, तर गाडीला वाटतं मालकानं चाबी फिरवली. बोअरच्या मोटारीच्या पाइपनं गाडी धुणाऱ्यांनो, स्विचच्या तोंडावर ती धार मारू नका राजेहो! तुमची गाडी बंद पडली आणि ठिणगी नसली, तर हेडलाइटच्या डब्यात स्विचच्या कपलरमधून ही काळी-पांढरी वायर सोडा आणि किक मारा. ठिणगी परत आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. एवढं लक्षात असू द्या, की वायर सुटलेली असताना चाबीनं इंजिन बंद होणार नाही. थांबवायचं तर ब्रेक दाबा, चौथा गिअर टाका आणि क्लच सोडा. मोकळ्या जागेत करा, गोठ्यात नको.

गोठ्यावरून आठवलं. गाडी रात्री तुरी-सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असते का? उंदीर धान्य खातो आणि तोंडाला चाळा म्हणून वायर कुरतडतो. टाकी काढा आणि खाली बघा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत टाकीखाली कापसाचं चांगलं मऊ घरटं होतं, आत पिल्लं. आणि वडिलांनी कधी म्युझिकल हॉर्न, एलईडी पट्टी, मोबाइल चार्जर असं काही लावलं असेल, तर ते सगळं आधी सोडा. काढून फेका म्हणत नाही, फक्त तपास होईपर्यंत बाजूला ठेवा. मूळ वायर सोलून, दुसरी पिळून, वर टेप, असे जोड ओलीत पहिल्यांदा सडतात.

कामाला बसायचं तर माझा क्रम असा राहील. पांदणीत बंद पडली की झाकण, ठिणगी, काळी-पांढरी वायर, पाऊच, आणि हाताशी मीटर असेल तर कॉइलचा गरम आकडा. घरी रविवारी सकाळी कॉइलचा गार आकडा, मग अर्थिंग, मान आणि सीटखालची जुडी. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन ठिकाणी एकदम हात घातला आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळणार नाही, आणि दोन महिन्यांनी पुन्हा बिघडली की शून्यापासून सुरुवात.

वायरिंग किटबद्दल. जुडी तीन-चार ठिकाणी उघडल्यावर प्रत्येक ठिकाणी तांबं काळं आणि ठिसूळ निघालं, प्लास्टिक वाकवताच तडकू लागलं, तर किट टाका, मीही टाकतो. पण एकच जागा खराब असेल तर तेवढाच तुकडा कापा, त्याच जाडीची नवी वायर घ्या आणि जोड दाबून बसवायच्या तांब्याच्या नळीनं करा. वर आकसणारी प्लास्टिक नळी चढवा. मानेजवळ सोल्डर टाळा. सोल्डर संपतं तिथं वायर ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांबं बारीक असतं आणि कपलर ढिले. चांगली जुनी वायरिंग काढून ती टाकली, की आज एका जागी असलेला बिघाड उद्या दहा जागी होतो.

हे सगळं जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं आहे. राजदूत, जुनी येझदी किंवा जुन्या बुलेटवाल्यांनी सीडीआयच्या जागी पॉइंट आणि कंडेन्सर धरावं. तापल्यावर बंद पडायचं काम तिथं कंडेन्सर करतो. 2020 नंतरच्या बीएस-6, इंजेक्शनच्या गाडीवर यातला टेस्ट लॅम्प आणि वायर सोडून किक मारण्याचे प्रयोग अजिबात करू नका, तिथला कंट्रोलर महाग असतो.

माझा पहिला संशय अर्थिंगवर, दुसरा काळ्या-पांढऱ्या वायरीवर, तिसरा ठिणगीच्या कॉइलवर. गाडी समोर नसताना यापेक्षा पुढे जाणं म्हणजे ज्योतिष. रविवारी करून बघा आणि मला तीन गोष्टी लिहा: ब्रेक दाबून अर्थिंगवर किती व्होल्ट आले, काळ्या-लाल वायरीचा गार आकडा किती, आणि बंद पडल्या पडल्या गरम आकडा किती. आणि हो, पांदणीत जाताना मागं कोण बसतं, तेही.